साहेबाच्या उजव्या हाताला

शिळाप्रेसच्या दगडावर काढलेला प्राण्यांचा दरबार मामलेदार वाकून पाहत होते. मधोमध सिंह, म्हणजे कलेक्टरसाहेब. एका बाजूला पागोटं घातलेलं गाढव, दुसऱ्या बाजूला भिकबाळीवाला बोकड, म्हणजे नारोशेट सावकार. चित्रकार धोंडोपंत शेजारी उभे राहून त्यांचा चेहरा न्याहाळत होते. मामलेदार बिघडले, की छापखान्याला टाळं.

"गाढव मीच ना हो, पंत?"

"कल्पनाचित्र आहे, रावसाहेब."

"पागोटं तर माझंच आहे! पण साहेबाच्या उजव्या हाताला बसवलंत, हे बरं केलंत. छापा."

दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, हे सांगायचा धीर पंतांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मामलेदार छापील कागद फडकावत आले. "हा काय चावटपणा, पंत? मी डावीकडे, आणि तो बोकड उजवीकडे? गावात तोंड कसं दाखवू मी?"

पंतांनी दगड घासला आणि बाजू बदलून दरबार नव्याने काढून छापला. त्या प्रती मामलेदारांनी स्वतः घरोघर वाटल्या.

"नीट बघा," ते प्रत्येकाला सांगत, "साहेबाच्या उजवीकडे कोण बसलंय ते!"