पोस्टकार्डाएवढा नमुना

वसईच्या एका वाचनालयात संस्थापकांचं तैलचित्र आहे. उदबत्त्यांच्या धुराने ते इतकं काळवंडलं होतं, की पगडी कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. सत्त्याण्णव साली सेक्रेटरी शांतारामभाऊंनी मला साफसफाईचा खर्च काढायला बोलावलं.

"मॅडम, थोडं साफ करून दाखवा. नमुना बघितल्याशिवाय आमच्या कमिटीला पटत नाही."

अख्खी दुपार घालवून मी पोस्टकार्डाएवढा चौकोन साफ केला. काळोखातून संस्थापकांचा डावा डोळा लख्ख बघायला लागला. मी अठरा हजारांचं कोटेशन दिलं.

"नियमाने अजून कोटेशनं मागवावी लागतील. कळवतो," भाऊ म्हणाले.

दोन वर्षं काही कळवलं नाही. एकदा मीच सहज डोकावले, तर संस्थापक पगडीपासून उपरण्यापर्यंत उजळलेले! माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू.

"शेवटी काम दिलंत कुणाला?"

"काम कुठे दिलंय, मॅडम? अजून कोटेशनंच मागवतोय."

भाऊंनी चित्राकडे बोट दाखवलं.

"आता उजवी मिशी तेवढी राहिलीय. उद्या मनवेलपाड्याचे एक जण येतायत, नमुना दाखवायला."