मिथेन हुंगणारी

निलगिरीच्या दलदलीत शरयू डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "इथून मिथेन सुटतोय." यंत्रानेही तेच दाखवलं. पथकातले सगळे तिची वाहवा करू लागले, तसा यामिनीचा जळफळाट झाला. बिनवासाचा मिथेन हुंगणारं कृत्रिम नाक बसवून घ्यायला दोघींनीही अर्ज केला होता; निवड मात्र शरयूची झाली.

दुपारी यामिनीने डबा उघडला.

"काय आणलंस गं?" शरयूने विचारलं.

"सुकट. वास नाही आला?"

"आता दुसरा कुठलाच वास येत नाही. बाळाची टाळू हुंगते, तीसुद्धा कोरीच लागते."

यामिनीला गलबलून आलं. तिने डबा शरयूपुढे सरकवला.  तरी निघताना तिने पथकाच्या साहेबांना हळूच विचारलं, "पुढची निवड कधी आहे?"