चिंचोका

पाहुणे कारंज्याहून येणाऱ्या यष्टीनं पोचणार होते. वच्छलेचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. शेवटी तिनं धाकट्या बहिणीला, भागिरथेला, ओढत आणून सतरंजीवर बसवलं.

"चाल, नवा खेळ खेळू. यात आपण दुसरंच कोनी बनाचं. तू नवरी, मी तुले पाहाले आलेला पाव्हना."

"मंग?"

"मी काई कराले सांगतलं का हा फोडलेला चिंचोका फेकाचा. पांढरी बाजू पडली तं नवरीनं कराचं. काळी पडली तं सांगनाऱ्यानंच करून दाखवाचं."

भागिरथेला खेळ भलताच आवडला. काळी पडत गेली आणि पाहुणा झालेल्या ताईलाच सुईत दोरा ओवावा लागला, वेणी सोडून केस दाखवावे लागले. वच्छला हसत होती, पण कान रस्त्याकडे होते.

"ताई, खरे पाव्हने बी असेच खेळतेत?"

तेवढ्यात यष्टीचा हॉर्न वाजला. "हो, हो," म्हणत वच्छला उठून आत पळाली.

चहा झाला. टेरिकॉटची प्यांट घातलेले नवरदेवाचे काका म्हणाले, "पोरी, जराशी चालून दाखव."

वच्छला उठली. इतक्यात सतरंजीवर चिंचोका येऊन पडला.

"काळी!" भागिरथा टाळ्या पिटत ओरडली. "ताई, तू बस. काका, उठा, चाला!"

बापानं डोळे वटारले. आईनं पदर तोंडाला लावला.

वच्छला शांतपणे खाली बसली, आणि मान वर करून काकांच्या पायांकडे पाहू लागली.