दोघींचा डबा

शाळा संपवून डेन्मार्कहून वर्षभर ऑस्ट्रेलियात भटकायला आलेली सिग्ना केळीच्या मळ्यावर कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तापाने फणफणली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या, तिच्याच वयाच्या लीसीने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. लीसी अबोल, चारचौघांत बावळट वाटायची. रविवारी मळ्यावरच्या इंग्रज पोरापोरींनी सिग्नाला समुद्रावर बोलावलं. व्हॅन सुरू झाली तशी लीसी खांद्यावर टॉवेल टाकून, सँडविचचा डबा सावरत धावत आली. "हीपण येतेय का?" गाडी चालवणाऱ्या कॅलमने विचारलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं सिग्नाला वाटलं. "छे! नुसती खोलीत असते माझ्या," ती हसून म्हणाली. लीसी थबकली. मग खिडकीतून डबा देत पुटपुटली, "दोघींचं केलं होतं. तूच खा." हमरस्त्याला लागल्यावर कॅलमने घास घेतला. "झकास! अगं, आणायचंस की तिला. मागे दोन जागा रिकाम्याच आहेत." 'गाडी फिरव' एवढंही सिग्नाला म्हणवेना.