थानसियामीचे शनिवार

"उपा, दार उघडा. नाहीतर शेजारून कुऱ्हाड आणते. माझ्या हातात बळ आहे अजून."

थांगछुंगाने आवाज ओळखला आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. गावातलं दुसरं कुणीही चाललं असतं. रेमपुई नको होती.

पण ती खरंच दार हलवायला लागली. बिजागरी करकरली. तो उठला, भिंतीला धरत गेला आणि कडी काढली. दुपारचे दोन वाजले होते आणि अंगावर अजून रात्रीचेच कपडे होते.

तीस वर्षं तो चर्चचा उपा, म्हणजे वडीलजन होता. मिझोराममधल्या चंफाईच्या वरच्या अंगाच्या त्या डोंगरगावात त्याच्या प्रार्थनेशिवाय ना लग्न लागलं, ना कुणाला माती मिळाली. सात महिन्यांपूर्वी त्याची बायको थानसियामी कपडे वाळत घालताना छातीत कळ येऊन वारली. तेव्हापासून त्याच्या आतलं काहीतरी विझलं. गुडघा दुखतो म्हणून चर्चला येत नाही, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. पहाटे जाग यायची आणि आणखी एक दिवस काढायचा आहे, या विचारानेच तो पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचा.

लोक येऊन जात. "बायबल उघडा, उपा." "विश्वास धरा." "तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं?" शब्दन् शब्द त्याचाच होता. जन्मभर तो हेच इतरांना सांगत आला होता. आता ते परत येत होतं आणि दगडासारखं लागत होतं.

आणि रेमपुईला तर त्याने भर सभेत सुनावलं होतं. त्याला बारा वर्षं झाली. बाळंतपणानंतर ती जी अंथरुणात पडली ती उठेचना. बाळ रडलं तरी बघायची नाही. "जिथे आनंद नाही, तिथे प्रभू नाही," असं म्हणून त्याने चर्चच्या गाणाऱ्यांतून तिचं नाव काढून टाकलं होतं. दोन वर्षांनी ती पुन्हा यायला लागली, शेवटच्या बाकावर. त्याला वाटलं, आपले बोल लागू पडले.

रेमपुईने चुलीजवळ डबा ठेवला. भात, आणि मोहरीचा पाला घालून शिजवलेलं डुकराचं मांस. न विचारता तिने ताट घेतलं.

"हसायला आलीस?" तो म्हणाला.

"हसायला यायचं तर डबा कशाला आणू? जड आहे तो."

त्याची नजर डब्यावर गेली. मग मान खाली घालून म्हणाला, "मी तुझ्यावर अन्याय केला. आता कळतंय. स्वतःवर बेतल्यावर कळलं, यात काही मोठेपणा नाही."

"नाही," रेमपुई म्हणाली. "पण कळलं."

"थानसियामी दर शनिवारी तुझ्याकडे यायची. मी बैठकीला जायचो तेव्हा. तुला धीर द्यायला." हे तो चर्चमध्येही अभिमानाने सांगायचा. "तिच्या धीरानेच तू उठलीस. ती काय सांगायची ते मला सांग. तेवढ्यावर मीही उठेन कदाचित."

रेमपुईचा हात ताटावरच थांबला.

"धीर? काकू माझ्याकडे रडायला यायच्या, उपा."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकू आल्या आणि माझ्या शेजारी आडव्या झाल्या. म्हणाल्या, हे मलाही आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. यांना कळू देऊ नकोस, यांची मान खाली जाईल."

थांगछुंगाला चुलीकडे तोंड करून तासन् तास बसलेली थानसियामी दिसली. "उपाच्या बायकोचं तोंड असं असतं का?" तो म्हणायचा. ती तळहाताने चेहरा पुसायची आणि हसायची. एक्केचाळीस वर्षं ती अशी हसत आली होती.

"मग... तुम्ही दोघी काय करायचात?"

"पोटभर रडायचो. मग काकू म्हणायच्या, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः जमिनीवर पालथा पडला होता ना? मग पडलेल्या माणसाची त्याला कसली लाज? चल, पडल्या पडल्याच हाक मारू. आणि हाक मारायचो. त्या हाकेवर मी उठले. हाकेवर आणि चंफाईच्या डॉक्टरच्या गोळ्यांवर. उद्या तुम्हालाही नेते त्यांच्याकडे."

सात महिन्यांत, अगदी मातीच्या दिवशीसुद्धा, त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आता त्याला आवरेना. तो खाली बसला, मग फळ्यांच्या जमिनीवर कपाळ टेकून तसाच आडवा झाला. "प्रभू," म्हणाला. पुढे काही सुचलं नाही. पण ती हाक भिंतीवर आपटून परत आली नाही. कुणीतरी ती झेलली, असं त्याला वाटलं. रेमपुई शेजारी बसून राहिली.

उन्हं कलल्यावर त्याने तोंड धुतलं. चार घास खाल्ले. रविवारी येईन म्हणाला, शेवटच्या बाकावर जागा धर. रेमपुई डबा घेऊन निघाली तेव्हा त्याने तिला दारात थांबवलं.

"माझ्याबद्दल काही म्हणायची ती?"

"जाऊ द्या, उपा."

"सांग. मला ऐकायलाच हवं."

रेमपुईने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणायच्या, प्रभू अगदी उशाशी असतो गं. आमचे हेच तेवढे लांब असतात."