आईची साक्ष

बुधाजीची कापून रचलेली भाताची उडवी जाळली म्हणून गोमाला शिक्षा झाली, तेव्हापासून त्याची आई सोनुबाई अख्ख्या लोधिवलीत तोंड वाजवत फिरत होती. "पोरगा त्या सांजेला माज्यापुढं चुलीपाशी बसला व्हता. पन आईला कोन इचारतो? मला बोलावलं असतं, तर त्या जज्जाची बोलती बंद केली असती!"

आज तात्या वकील मुंबईहून थेट तिच्या अंगणात आले.

"वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली, सोनुबाई."

"म्हंजे माजा गोमा निर्दोष! सांगा जाऊन त्या बुधाजीला!"

"तसं नव्हे. उडवी कोणी जाळली, यात वरचं कोर्ट पडलंच नाही. खटला नीट चालला का, एवढंच त्यांनी पाहिलं. म्हणाले, आईची साक्ष घ्यायला हवी होती. आता खटला पुन्हा चालेल. तुम्ही देवाची शपथ घेऊन खरं तेवढं सांगायचं."

सोनुबाईनं पदर तोंडाशी नेला.

"आन मी नाय आले तर, तात्या?"

"अहो, तुमच्याशिवाय त्याला सोडवणार कोण?"

तिनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. त्या सांजेला गोमाच्या पोळलेल्या हातांना खोबरेल तिनंच लावलं होतं.