प्रस्तुत लेखक

"चोर आहे काकी तो, चोर!"

सुखराम गुरुजींनी सायकल भिंतीला टेकवायचीही तसदी घेतली नाही. ती अंगणातच आडवी पडली. त्यांच्या हातात शेतकी संशोधनाच्या त्रैमासिकाचा नवा अंक होता.

शकुनबाई धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले. पवनीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा हा माणूस दोन हिवाळे तिच्या आसगावच्या ओसरीवर बसून, तिच्या हातचा चहा पीत, वहीत काहीबाही उतरवून घेत होता. इतके चिडलेले तिने त्याला कधी पाहिले नव्हते.

चिडण्यासारखेच घडले होते. तलावाच्या पाळीखाली शकुनबाईची एक खोल बांधी, म्हणजे बांध घातलेले भाताचे खाचर, होती. पाणी तुंबले की त्या बांधीतला सगळा धान लोळायचा. पण तिथेच एक वाण असा निघाला की तो गुडघाभर पाण्यातही ताठ उभा राहायचा. गुरुजींनी त्याच्यावर लेख लिहिला, वाणाला 'सुखराम-१' असे नाव दिले आणि लेख त्रैमासिकाला पाठवला. चार महिन्यांनी 'प्रकाशनास अयोग्य' असा शेरा घेऊन लेख परत आला. शेरा मारणारे होते प्राध्यापक पुंडलिकराव, संपादक मंडळातले बडे प्रस्थ. आणि आता, १९८१च्या जानेवारी अंकात, तोच लेख पुंडलिकरावांच्या नावाने छापून आला होता. तक्ते तेच, आकडे तेच. फक्त वाणाचे नाव 'पुंडलिक-१' झाले होते. निर्लज्जपणाची हद्द झाली!

"अक्षर न् अक्षर माहं आहे." गुरुजींनी आपल्या लेखाची कार्बन कॉपी अंकाशेजारी ठेवली. "आयका, काकी. 'प्रस्तुत लेखकाने सात वर्षे स्वतः बांधीत उतरून या वाणाची निवड केली.' हे माहं. अन् हे त्याचं. 'प्रस्तुत लेखकाने सात वर्षे स्वतः बांधीत उतरून...' सात वर्सं! त्याच्या पायाले सात दिवस तरी चिखल लागला का?"

"प्रस्तुत लेखक म्हंजे कोन?"

"म्हंजे मी."

"अन् ह्याच्यात?"

"ह्याच्यात तो. हरामखोर!"

सोमवारी भंडाऱ्याच्या शेतकी मेळाव्यात पुंडलिकरावांचा सत्कार होता. गुरुजी तिथे भर सभेत अर्ज देणार होते. सत्काराच्या पत्रिकेत छापले होते की पुंडलिकरावांनी म्हणे हा धान चाळीस गावांत डोळ्यांनी पाहिला. मुळात तो शकुनबाईच्या त्या एका बांधीबाहेर कुठेच नव्हता! त्यासाठीच तर साक्षीदार म्हणून तिचा अंगठा हवा होता. गुरुजींनी शाळेतून आणलेले शाईचे पॅड उघडले आणि अर्ज पुढे सरकवला.

वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावायचा नाही, हा शकुनबाईचा नेम होता. गुरुजींनी घाईघाईने वाचले. "'सदर वाण सुखराम गुरुजी यांनी सात वर्षे मेहनत करून शोधला, हे मी स्वतः पाहिले आहे.' लावा अंगठा."

शकुनबाई आपल्या पायांकडे पाहत राहिली. टाचांच्या भेगा बोट जाईल एवढ्या होत्या. सात वर्षे दर कार्तिकात, कापणीच्या आधी, ती एकटी त्या चिखलात उतरली होती. लोळलेल्या धानातून उभी लोंबे नखाने खुडून तिने ओच्यात बांधली होती. पहिल्या साली गाव हसले होते. नवरा गेला त्या साली घरातला दाणा न् दाणा सरला, पण बियाण्याचे गाडगे तिने उघडले नाही. उपाशी निजली. हे सारे तिनेच गुरुजींना ओसरीवर बसून सांगितले होते. आपले सांगणे कागदावर चढते आहे, याचे तिला केवढे अप्रूप वाटायचे! दुसऱ्यांदा चहा टाकायची ती, साखर जास्त घालून.

"त्याचं नाव कुठी छापलं हाये, दाखवा."

गुरुजींनी अंकावर बोट ठेवले.

"अन् तुमचं?"

गुरुजींनी कार्बन कॉपीच्या माथ्यावर बोट ठेवले. जरा अभिमानानेच.

"अन् माहं?"

गुरुजींचे बोट कागदावरून उचलले गेले. ते कुठे ठेवावे हे त्यांना कळेना.

"काकी, लेखात तसं नसते. प्रस्तुत लेखकानं केलं, असंच लिहा लागते. पद्धत आहे ते."

"त्यानंही पद्धतच केली मंग. त्याच्यावर काहून बोंबलून राहिले?"

"त्यानं चोरलं, काकी! मी तर फक्त..."

"आमी 'उभा' म्हनतो त्या धानाले," शकुनबाईचा आवाज चढला. सुनेने, चंद्रकलेने, घरातून डोकावून पाहिले. सासू कुणावर अशी कडाडलेली तिलाही नवीन होती. "सात वर्सं झाले म्हनतो. तू त्याले तुहं नाव ठेवलं. तुह्या पायाले लागला का रे चिखल, सुखराम?"

आजवर तिच्या तोंडून 'गुरुजी'शिवाय हाक आली नव्हती.

शकुनबाईने अर्ज बाजूला सारला. अंगठा शाईत बुडवून तिने तो अंकातल्या पुंडलिकरावांच्या नावावर दाबला. नाव काळ्याशार ठशाखाली गेले. मग पुन्हा बुडवला आणि कार्बन कॉपीवरच्या सुखरामच्या नावावर, तितक्याच जोराने, दाबला.

"आता ने दोन्ही कागद भंडाऱ्याले," ती म्हणाली. "सांगजो तेथी, प्रस्तुत लेखक आसगावात रायते."